तुमचा झेंडू

नवरात्रात आमच्या घरी कुणी आलं की त्याला पाण्याआधी सुई विचारत. मोठी पाहिजे का बारकी? झेंडूची तोडणी ऐन भरात असायची, पडवीत गुडघाभर फुलं पडलेली असायची आणि दसरा तोंडावर आलेला. त्यामुळे जो टेकेल त्याने माळ ओवायची, असा रिवाजच पडून गेला होता. आमचा पोस्टमनसुद्धा एकदा दोन माळा करून मगच पुढच्या वस्तीवर गेला. मी रजा मागून घ्यायची ती याच दिवसांतली. दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास करून नाशिकरोडला उतरायचं, रिक्षाने मखमलाबादच्या बाजूला कालव्याकाठी आमच्या मळ्यात यायचं, बॅग टाकून आईच्या पाया पडायचं, की हातात सुई. अंगावरचे प्रवासाचे कपडेसुद्धा बदलू देत नसत. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट वर्षभर मी त्याचीच वाट बघत असे.

घर म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन खोल्या आणि त्या तिन्हींहून मोठी पडवी. सगळा संसार पडवीतच चालायचा. एका कोपऱ्यात घट बसवलेले, त्याच्या परडीत आमच्याच रानातली माती आणि तिच्यात उगवलेलं पिवळट धान. दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीचा पंप. मधे फुलांचा ढीग आणि त्याच्याभोवती आम्ही. झेंडूचा वास पहिल्या दिवशी नाकात चढतो आणि मग आठवडाभर जेवणालाही तोच येतो. बोटं हिरवट-काळी होतात ती साबणाने निघत नाहीत. आई नऊ दिवस अनवाणी असायची आणि एकवेळ भगर खायची, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर. आमच्यासाठी मात्र दोन्ही वेळा बाजरीच्या भाकरी थापायची, आणि तिच्या उपासाचा सगळा राग त्या भाकरींवर निघायचा. थापण्याचा आवाज कालव्यापलीकडे जाई. माझा भाऊ म्हणायचा, "देवीचा उपास हाय का देवीशी भांडण हाय?" वहिनी पदराआड हसायची आणि आई आपल्याला ऐकू आलंच नाही असं दाखवायची.

आता तिथं लग्नाचं लॉन्स झालंय. कमानीला बारा महिने प्लास्टिकचा झेंडू लटकलेला असतो. मी त्या रस्त्याने जाणं टाळते, रक्तदाबाला बरं नसतं.

मी तेव्हा लष्करी रुग्णालयात नर्स होते. लष्करातली नर्स अधिकारी असते, हे गावाला काही केल्या पटत नसे. माझ्या खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे होते आणि पुरुष शिपाई मला सलाम ठोकत, हे भावाने पारावर सांगितलं तेव्हा लोक त्याला म्हणाले, लेका, थोडं कमी सांगत जा. अण्णा, म्हणजे माझे वडील, फक्त "पोरगी मिल्ट्रीच्या दवाखान्यात हाय" एवढंच म्हणत आणि विषय कांद्याकडे नेत. आमची ती नोकरी पहिल्यांदा ठरावीक वर्षांचीच असे. मुदत संपत आली की विचारणा होई: बाहेर पडणार, की कायमच्या राहणार? कायमचं म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत. दोन-तीन वर्षांनी बदली, कधी बर्फात, कधी वाळवंटात, आणि घर म्हणजे वर्षातून एकदा भेटणारी ही पडवी. त्या रजेला आले तेव्हा माझी मुदत संपत आली होती. परत गेल्यावर उत्तर द्यायचं होतं.

घरच्यांनी आपल्या परीने उत्तर ठरवून ठेवलं होतं. गंगापूर रोडला एक मोठं खाजगी हॉस्पिटल नुकतंच उघडलं होतं. तिथल्या डॉक्टरांच्या देवघरात आमच्याकडची फुलं जात. अण्णांनी फुलांची पुडी देता देता त्यांच्या कानावर घातलं होतं की पोरगी मिल्ट्रीतून येऊ ऱ्हायली, बघा काही जमलं तर. डॉक्टर म्हणाले, मिल्ट्रीतली सिस्टर मिळाली तर आमचंच नशीब. मळ्यापासून तिथं सायकलवरून जाता आलं असतं. शिवाय आईने दोन चांगली स्थळं बोलण्यात गुंतवून ठेवली होती, पोरगी नाशकात आली की बघू म्हणून. बदलीच्या नोकरीतली मुलगी कोण करून घेणार, हा तिचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. मी सत्तावीस वर्षांची होते. गावात माझ्या वयाच्या मुलींची पोरं शाळेत जात होती.

आणि मला लष्करातच राहायचं होतं. अगदी मनापासून राहायचं होतं. ते वॉर्ड, पहाटेचा बिगूल, स्टीलच्या मगातला गोडमिट्ट चहा, कुठल्या कुठल्या मुलखातली विशीतली पोरं, जी दुखलं तरी "कुछ नहीं मॅडम" म्हणायची, ते सगळं मला हवं होतं. पण हे घरी कसं सांगायचं? आई भाकरी थापता थापता हॉस्पिटलचं बोलायची, तेव्हा मी फुलं ओवत हूं हूं करायची. मला रडणारी माणसं सांभाळता येतात, आनंदात असलेली येत नाहीत. आई त्या वर्षी फार आनंदात होती.

अशात एके दुपारी ते घडलं. आम्ही सगळे माळा करत बसलो होतो. फुलं त्या साली जरा लहान होती, पाऊस मधे ओढ देऊन गेला होता. मी एक फूल हातात घेऊन सहज म्हणाले, "अण्णा, तुमचा झेंडू यंदा बारीक राहिलाय."

सगळ्यांचे हात थांबले. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर फुलांकडे वळवली. भाऊ म्हणाला, "बरोबर हाय, साहेब लोकांचा झेंडू नसतो, गुलाब असतो," पण त्याच्या हसण्यात काही दम नव्हता.

"तुमचा?" आई म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं. आपला झेंडू, आपला मळा, आपली विहीर, तिच्यावरची आपली मोटार, आपली गाय, असंच बोलत मी मोठी झाले होते. आमच्याकडे लहान पोराला सुद्धा हे शिकवावं लागत नाही. घरातला माणूस घरच्यांशी बोलताना घरातल्या वस्तूला 'तुमचं' म्हणत नाही, भांडणात सोडून. आणि मी काही भांडले नव्हते.

"चुकून गेलं आई," मी म्हणाले.

"चुकून तेच जातं जे आत असतं." आईने सुई फुलात खुपसली. "शेजारची सुमन लगीन होऊन गेली, पोरं झाली तिला. आली का अजून आपला मळा, आपली हीर म्हणती. अन् ही! लगीन नाय, काय नाय, अन् तुमचा झेंडू म्हणती! आम्ही कोण हाय मंग तुझे? फुलवाले का?"

"जीभ हाय, घसरती," अण्णा म्हणाले.

"घसरती कुठल्या बाजूला तेही बघा की," आई म्हणाली आणि उठून आत गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. स्वयंपाकाची वेळ नव्हती.

मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. त्या एका शब्दाने मी जे लपवून ठेवलं होतं ते पडवीत सगळ्यांसमोर पडलं होतं, असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी भावाच्या स्कूटरवर बसून मी गंगापूर रोडच्या त्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने मला सगळं फिरवून दाखवलं. फरशा चकचकीत, पडदे आकाशी रंगाचे, खिडकीतून द्राक्षाच्या बागा दिसत. माझ्या हाताखाली बऱ्याच मुली असणार होत्या. एका खाटेवरच्या बाईंनी मला हाक मारून उशी नीट करायला सांगितली आणि मी ती केली. त्या म्हणाल्या, "हात बरा आहे हो तुमचा." नाव ठेवायला जागा नव्हती. परत येताना भाऊ वळून म्हणाला, "मंग?" मी म्हणाले, "येते." त्याने एवढ्या आनंदाने हॉर्न वाजवला की रस्त्यातली म्हैस बुजली.

घरी येऊन मी सांगितलं की परत गेल्यावर तिकडे 'नाही' म्हणून कळवते, मुदत संपली की येते घरी. वहिनीने मला मिठीच मारली. तिला घरात बोलायला माणूस हवं होतं बिचारीला. अण्णांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला. आईने देवीपुढे साखर ठेवली. माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "आता खोलीला रंग देऊ. कोणता देऊ?" मी म्हणाले, "तुला आवडंल तो." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रंगाचाच विचार करतेय.

त्यानंतर एक-दोन दिवसांत फोन आला. फोन घरात नवा होता, अण्णांनी बाजारभाव कळावा म्हणून घेतला होता, आणि पडवीतच भिंतीला होता, त्यामुळे कुणाचाही फोन सगळ्यांचाच असे. पलीकडे माझी वॉर्डातली मैत्रीण लता होती, साताऱ्याची. बदल्या-रजांचं काहीतरी सांगत होती. मग मधेच म्हणाली, "अगं, चौदा नंबर चालला!" चौदा नंबर म्हणजे बर्फात पाय गमावता गमावता वाचलेला एक गढवाली पोरगा. कित्येक महिने आम्ही दोघींनी त्याच्या पायांची मलमपट्टी केली होती आणि त्याने कित्येक महिने आमच्याशी धड बोलणं टाकलं होतं. मी पडवीत उभी राहून ओरडलेच, "आपला चौदा नंबर? काय सांगतेस! कुठपर्यंत चालला? आपल्या वॉर्डाच्या दारापर्यंत? कुणाला धरून? आपल्या त्या म्हाताऱ्या वॉर्डबॉयने धरलं असेल, हो ना? आणि मला न सांगता चालतो काय मेला! सांग त्याला, मी आल्यावर आपण सगळे त्याला पळवणार आहोत." असं मी बराच वेळ काय काय बोलत होते. फोन ठेवला तर माझे डोळे भरून आले होते आणि मी हसत होते. वळून बघितलं, आई फुलं निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मला घेऊन तोडणीला गेली. दवाने फुलं जड झालेली असतात तेव्हा, पहिल्या चार सरींतच परकर गुडघ्यापर्यंत भिजतो. आई समोरच्या सरीत, अनवाणी. बराच वेळ आम्ही नुसती फुलं खुडत होतो. मग माझ्याकडे न बघताच ती बोलायला लागली.

"माझं लगीन झालं तव्हा मला बाजरीची भाकर थापता येत नव्हती. ठाव हाय ना?"

मला माहीत होतं. आईचं माहेर इगतपुरीकडचं, भाताचं. तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि ताटात भाताशिवाय काही नसतं.

"वरीसभर रडले मी. इथली भाकर गळ्याखाली उतरत नव्हती. तुझी आजी म्हणायची, ही काय टिकत नाय. मंग दुसऱ्या साली का तिसऱ्या, माहेरी गेले. आईनं नव्या तांदळाचा भात वाढला. चांगली वाफ निघत होती. अन् माझ्या तोंडातून गेलं, तुमचा भात लय चिकट होतो बाई, त्यापरीस आमची भाकर बरी."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. आईचा हात तसाच ऱ्हायला, पळी धरलेला. मला वाटलं आता बोलती मला. तर ती भावाकडं बघून म्हणली, पोर नांदली रे आपली. अन् मंग रडली." आईने मुठीतली फुलं पाटीत टाकली. "त्या दिवशी मला काय उमजलं नाय. रडती कशाला, असंच वाटलं. काल तुझा फोन ऐकला अन् उमजलं. आपला वार्ड, आपला पोरगा, आपला म्हातारा. काय आवाज लागला होता तुझा! इथं आल्यापास्नं असा आवाज काढला नाय तू. खोलीला रंग कोणता द्यायचा इचारलं, तर म्हणती तुला आवडंल तो."

नांदणं हा शब्द आमच्याकडे सासरच्या घरासाठीच वापरतात. मुलगी नुसती राहत असली तर राहते म्हणतात. तिथल्या चुलीची, माणसांची झाली की नांदते म्हणतात. आणि आई तो आता माझ्यासाठी, त्या दूरच्या रुग्णालयासाठी वापरत होती.

"तू नांदू ऱ्हायली तिथं," ती म्हणाली. "मंग नांद ना बाई. नांदत्या पोरीला माघारी आणायचं असतं का? मी काय दुष्मन हाय तुझी?"

"आणि लग्न?"

"ते बघू. व्हायचं आसंल तर तिथं बी व्हईल. नाय झालं तर..." तिने पुढचं वाक्य सोडून दिलं आणि एक फूल खुडलं.

"आणि तू? तुला करमेल?"

"मला?" आता तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नाय करमणार. लय वाईट वाटंल. माझ्या आईला वाटलं नसंल का? वाटू दे. तू मला इचारून हसू-रडू नको. तिकडं नाय म्हणून कळवू नको, बास."

मी सरी ओलांडून गेले आणि तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "फुलं तुडवू नको, बाजाराची हाय." मग तीही रडली, आणि आम्ही दोघी झेंडूत उभ्या राहून इतक्या रडलो की मोटार चालू करायला आलेला भाऊ लांबूनच परत गेला. कायम राहण्याचा माझा निर्णय तिथं झाला. निवड मंडळाने पुढे मला घेतलं, ते सगळं यथासांग झालं, पण मला कुणी विचारलं की तुम्ही लष्करात कायमच्या कधी झालात, तर मी त्या सकाळचंच सांगते. माझं लग्न झालं नाही. त्याची खंत काही वर्षं होती, आईला माझ्यापेक्षा जास्त वर्षं होती. तिने ती बोलून दाखवली, पण माघारी ये असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि माझी निघायची वेळ आली. रिक्षा बांधावर उभी होती. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि बॅग उचलली, तर आई म्हणाली, "थांब, पाटावर बस." तिच्या हातात ताट होतं. त्यात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात तशी.

वहिनी गोंधळली. "आत्याबाई, ताईचं लगीन कुठं झालंय? कुवारणीची ओटी अशी भरत्यात का?"

"नांदायला चालली ना ती? मंग रिकाम्या पदरानं जाईल का?" आई म्हणाली. "गावाला काय बोलायचं ते बोलू दे. भर तू बी."

मला पदर नव्हता, मी सलवार-कमीज घातला होता. मी ओढणी पसरली. आईने ओटी भरली, वहिनीने भरली. आईने मला कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पुढच्या टायमाला मूळ कव्हा धाडू?" मूळ म्हणजे लेकीला माहेरी न्यायला जाणारं माणूस. आम्ही तिघीही त्यावर हसलो, कारण एवढ्या लांब मूळ घेऊन कोण येणार? अण्णा खांबाला टेकून उभे होते. सबंध रजेत ते कमीच बोलले होते. अण्णांची रेल्वे इगतपुरीपर्यंतची, त्यापुढे ते जन्मात कधी गेले नव्हते. ते म्हणाले, "मी येईल."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण पुढच्या वर्षी रजा मंजूर झाल्याचं मी फोनवर सांगितलं आणि विसरून गेले. रजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी वॉर्डात ड्रेसिंग करत होते. फाटकावरून पहाऱ्याच्या जवानाचा फोन आला. त्याचा आवाज पार गोंधळलेला.

"मॅडम, एक बुजुर्ग आये हैं. सर पे टोपी, हाथ में फूलों की टोकरी. बोलते हैं, बेटी का ससुराल है, लेने आया हूँ. मैंने कहा, बाबा, ये तो मिलिटरी का अस्पताल है. बोलते हैं, हां हां, वही."